तज्ज्ञ परत गेल्यावर

२०२३च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आफ्रिकेतून आणलेले चित्ते एकामागून एक मेले आणि आपल्याकडे लगेच दोन फळ्या तयार झाल्या. एका फळीचं म्हणणं, परदेशी तज्ज्ञांचं ऐकलं नाही, आपल्या वनखात्याला काडीची अक्कल नाही, म्हणून जनावरं गेली. दुसरीचं म्हणणं, ज्या देशाने वाघ वाचवून दाखवला त्याला हे बाहेरचे लोक काय शिकवणार? त्या जुलैत दोन चित्त्यांच्या मानेवर रेडिओ कॉलरखाली जखमा सापडल्या होत्या, त्यात अळ्या पडल्या होत्या. सरकारी खुलासा आला की मृत्यू नैसर्गिक कारणांनी झाले. काही दक्षिण आफ्रिकी तज्ज्ञांनी उघड तक्रार केली की आम्हाला वेळेवर काही कळवतच नाहीत. मग चॅनेलवाल्यांना दोन आठवड्यांचं खाद्य मिळालं. वन्यजीव संरक्षणात परदेशी मदत हा विषय निघाला की अजूनही तेच दोन सूर लागतात. साहेब म्हणेल तीच पूर्व दिशा, नाहीतर साहेबाला हाकला.

दोन्ही फळ्या एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. मदत घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्नच उरलेला नाही. १९६९ साली दिल्लीत आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेचं अधिवेशन भरलं, वाघाची अवस्था जगासमोर मांडली गेली, आणि पुढे वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाने दहा लाख डॉलर उभे करण्याचा शब्द दिला. १ एप्रिल १९७३ला नऊ जंगलांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आपलं मेळघाट त्यातलंच एक. म्हणजे ज्या वाघाच्या जोरावर आपण ‘आम्हाला शिकवू नका’ म्हणतो, त्या वाघाच्या प्रकल्पातही बाहेरचा पैसा आणि बाहेरचा आग्रह होता. तेव्हा विचारायचं ते असं की तज्ज्ञ विमानात बसून परत गेल्यावर मागे काय उरतं आणि कोणाच्या हातात उरतं? भारतासारख्या, नेपाळसारख्या, टांझानियासारख्या देशांना आंतरराष्ट्रीय सहकार्य हवंच, आणि भरपूर हवं. पण ते किती करार झाले, किती पाहुणे आले, किती जनावरं उतरली यावर मोजायचं नाही. मागे राहिलेल्या कसबावर मोजायचं, आणि ते कसब सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसापर्यंत झिरपलं का, यावर. हे माप लावलं की दोन्ही फळ्यांचे लाडके नायक बऱ्याचदा नापास होतात.

आधी संशय घेणाऱ्यांची बाजू, कारण ती पोकळ नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) १९५९पासून पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतर अभ्यासायला सुरुवात केली. डॉ. सालिम अलींसारखा माणूस त्यामागे उभा. पैसा आधी जागतिक आरोग्य संघटनेचा होता, नंतर मात्र अमेरिकन लष्कराच्या एका कार्यक्रमातून येऊ लागला. पक्ष्यांबरोबर कोणते रोग प्रवास करतात हे त्या लष्कराला हवं होतं. १९७४ साली वर्तमानपत्रांत गदारोळ झाला आणि १९७५मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने कडक ताशेरे ओढले. हे जैविक युद्धाचं संशोधन होतं याचा पुरावा कधी मिळाला नाही. पण व्हिएतनामचं युद्ध जेमतेम संपत असताना, आपल्या पाणथळ जागांवरच्या अभ्यासाला अमेरिकन लष्कर पैसे देतं हे वाचून कोणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही?

आफ्रिकेत तर याहून जुनी जखम आहे. १९५९ साली सेरेंगेटीतून मासाई गुराख्यांना बाहेर काढलं, म्हणजे ब्रिटिश राज्य संपायच्या तोंडावर. दोन वर्षांनी अरुशा इथल्या परिषदेत तिथले नेते ज्युलियस न्येरेरे यांनी जो जाहीरनामा मांडला, त्यात वन्यजीव वाचवण्यासाठी विशेष ज्ञान, शिकलेली माणसं आणि पैसा लागतो आणि त्यासाठी इतर देशांनी साथ द्यावी, असं स्वच्छ म्हटलं होतं. त्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर परदेशी संरक्षकांचाच हात फिरला होता असं बरेच अभ्यासक सांगतात, आणि त्यावर विश्वास ठेवायला मला अडचण वाटत नाही. मदत मागणाऱ्याच्या तोंडी मदत देणाऱ्याने शब्द घालावेत, हा प्रकार आपल्यालाही नवा नाही. ‘जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा’ ही कल्पना अशा मदतीच्या पोटातून आली आणि तिची किंमत मासाईंनी, नेपाळातल्या थारूंनी, कुनोतल्या सहरियांनी मोजली. संशय घेणाऱ्या फळीचं एवढं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण पुढचं पाऊल टाकताना ही फळी घसरते. कल्पना बाहेरून आली म्हणून ती वाईट आणि आतली तेवढी शहाणी, हे गणित कुठल्याच जंगलात जुळत नाही. राजस्थानातलं भरतपूर घ्या. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२मध्ये तिथे म्हशी चारायला बंदी आली. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. ही बंदी कोणा गोऱ्या साहेबाने घातली नव्हती. आपलाच कायदा, आपलेच अधिकारी, आपल्याच पक्षीप्रेमींचा पाठिंबा. त्या वेळी बीएनएचएसचा एक दीर्घ अभ्यास तिथे चालू होता, डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या देखरेखीखाली. दहा वर्षं त्या लोकांनी पाणी मोजलं, गवत मोजलं, पक्षी मोजले. निघालं काय? म्हशी हटवल्यावर पास्पॅलम नावाचं पाणगवत माजलं, उघडं पाणी आटत गेलं आणि बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली. ज्या म्हशींना शत्रू ठरवून माणसांवर गोळ्या झाडल्या, त्या तळ्याची राखण करत होत्या! या अभ्यासाचा पैसा आला होता अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून. पीएल-४८० या अमेरिकी धान्यमदतीतल्या लाल गव्हाची चव ज्यांच्या तोंडी अजून आहे त्यांना सांगायला हवं की त्या गव्हापोटी अमेरिकेच्या खात्यात साठलेले रुपये इथेच खर्चायचे होते, आणि त्यातले काही अशा संशोधनाकडे वळले. देशी बंदी चुकली आणि परदेशी पैशावर चाललेल्या देशी अभ्यासाने ती चूक दाखवली. आता हे कुठल्या फळीच्या खात्यावर मांडायचं?

नाही म्हणण्याची किंमत काय असते, हे वाघाच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं. सत्तरीच्या सुरुवातीला अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेला भारतात वाघाला रेडिओ कॉलर लावून त्याचा अभ्यास करायचा होता. ते इथे जमलं नाही. संशयाचं वातावरण होतं, आणि भूल देऊन वाघाच्या गळ्यात यंत्र अडकवणं आपल्या बड्या वनाधिकाऱ्यांना पटत नव्हतं. स्मिथसोनियनवाले सीमा ओलांडून नेपाळात चितवनला गेले. १९७३च्या अखेरीस तिथे पहिल्या वाघिणीला कॉलर चढली.

ते काम कसं चालायचं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. बंदूक अमेरिकन, सुईतलं औषध अमेरिकन, रेडिओ अमेरिकन. पण घनदाट गवतात वाघाला बंदुकीच्या टप्प्यात आणायचं कसं, हे अमेरिकनांना येत नव्हतं. ते येत होतं तिथल्या जुन्या शिकाऱ्यांना आणि थारू माहुतांना, ज्यांच्या बापजाद्यांनी नेपाळच्या राणा राज्यकर्त्यांच्या शिकारी लावून दिल्या होत्या. वाघासाठी रेडकू बांधायचं. त्याने ते मारलं की तो जवळपासच्या गवतात पडून राहतो. मग गवतातून दोन्ही बाजूंनी पांढऱ्या कापडाची लांबच लांब पट्टी ताणत न्यायची, नरसाळ्यासारखी, एका टोकाला निमुळती. तिथे झाडावर भुलीची बंदूक घेतलेला माणूस. रुंद बाजूने हत्तींची रांग हळूहळू पुढे सरकते. कमरेइतकं कापड वाघाला एका उडीत पार होईल, तरी तो ते ओलांडत नाही, कडेकडेने चालत बरोबर झाडाखाली येतो. सुई लागल्यावर डोळ्यांवर फडकं, अंगाचं तापमान, श्वास, दातांची मापं, कॉलर. राजाच्या शिकारीची विद्या वाघाच्या अभ्यासाला लागली. यात गुरू कोण आणि चेला कोण?

या प्रकल्पात हेमंत मिश्र, कीर्तिमान तामाङ यांच्यासारखे नेपाळी शास्त्रज्ञ तयार झाले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिकारी म्हणून आलेल्या गावातल्या माणसांची तंत्रज्ञांची एक फळी तयार झाली. अमेरिकन गेले तरी ती चितवनशेजारच्या सौराहात राहिली. १९८६पासून चितवनचे गेंडे बर्दियात नेले गेले तेव्हा तीच माणसं गेंडा पाडत होती, गाडीवर चढवत होती. नेपाळात २००९ साली वाघ होते १२१, २०२२मध्ये झाले ३५५. हे सगळं प्रशिक्षणामुळे झालं असं म्हणणं बाष्कळपणा ठरेल. लष्कराचा पहारा, बफर झोनमधल्या गावांना मिळणारा उत्पन्नातला वाटा, हेही त्यात आहे. पण पन्नास वर्षं टिकलेलं कसब हा त्याचा पाया होता.

आणि आपण? चितवनमध्ये वाघांमागे फिरलेला मेल संक्विस्ट पुढे फ्लोरिडा विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याच्याकडे शिकायला गेला कर्नाटकातला एक इंजिनिअर, उल्लास कारंत. १९९०मध्ये कारंतांनी नागरहोळेत भारतातल्या वाघाला कॉलर लावली. चितवनहून नागरहोळेला पोहोचायला ही विद्या अमेरिकेला वळसा घालून आली, आणि त्यात सतरा वर्षं गेली. आल्यावरही वाघ कॉलरमुळे मेले असा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं. कारंतांनी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जेम्स निकोल्सला बरोबर घेऊन कॅमेरा ट्रॅपवरून (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) वाघांची संख्या काढायची रीत बसवली, १९९८ साली ती जगापुढे सविस्तर मांडली. आपलं खातं मात्र पायाचे ठसे काचेवर गिरवून वाघ मोजत राहिलं. ठशांची ही पद्धत अस्सल देशी होती, सरोजराज चौधरी या हुशार अधिकाऱ्याने घालून दिलेली, आणि माग काढण्यासाठी ती उत्तमच आहे. पण ठशावरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो, हा दावा शास्त्रीय कसोटीवर टिकत नव्हता. २००४च्या मोजणीत राजस्थानच्या सरिस्कात सोळा-अठरा वाघ होते, कागदावर. काही महिन्यांत कळलं की एकही नाही. वाघ मारले शिकाऱ्यांनी, हे खरं. पण ते मारले जाताहेत हे लपवलं आपल्या मोजणीने. टायगर टास्क फोर्स बसला, खातं नव्या पद्धतीकडे वळलं, आणि २००६च्या पहिल्या शास्त्रीय अंदाजात देशातला आकडा निघाला १४११. आधीच्या मोजणीत तो साडेतीन हजारांच्या वर होता. स्वाभिमानाचा हिशेब कधीकधी असाही चुकता करावा लागतो.

इथे पहिली फळी टाळ्या वाजवेल. थांबा. तज्ज्ञांचं मुकाट ऐका, असा याचा अर्थ निघत नाही. कुनोतल्या कॉलरच्या जखमांकडे परत बघा. दक्षिण गोलार्धात जून ते सप्टेंबर थंडी असते आणि तिकडच्या चित्त्यांच्या अंगावर त्या महिन्यांत दाट केस येतात. ती जनावरं इथे आली, पण त्यांच्या शरीरातलं घड्याळ तिकडचंच राहिलं. भर पावसाळ्यात अंगावर थंडीचा कोट, कॉलरखाली दमट केस, त्यात माश्या. नामिबियाच्या कोरड्या माळावर आयुष्य गेलेल्या माणसाला मध्य प्रदेशातल्या श्रावणाचा अंदाज नव्हता, आणि श्रावण ज्यांच्या अंगवळणी पडलेला होता त्यांना चित्त्याच्या केसांचा नव्हता. दोघांकडे अर्धी-अर्धी माहिती होती. ती जुळायला हवी होती कुठे? जंगलातच, रोज जनावर पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत. चित्ता मान खाजवतोय, एका जागी जास्त वेळ बसतोय, हे आधी त्याला दिसतं. त्याचं ऐकायची व्यवस्था होती का, त्याला काय बघायचं ते शिकवलं होतं का, याची चर्चा त्या दोन आठवड्यांत मला तरी कुठे दिसली नाही. सगळे साहेबांविषयी बोलत होते, इकडच्या नाहीतर तिकडच्या.

प्रशिक्षण हा शब्द आपल्या वनखात्यात कसा वापरला जातो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ साली उभी राहिली ती संयुक्त राष्ट्रांच्या युएनडीपी आणि एफएओ या संस्थांची मदत घेऊन, आणि तिने फार मोठं काम केलं आहे. आज शेजारच्या देशांचे अधिकारी तिथे शिकायला येतात. पण दीर्घ अभ्यासक्रम कोणासाठी? मुख्यतः अधिकाऱ्यांसाठी. परदेश दौऱ्यावर कोण जातं? त्याहून वरचे अधिकारी. आणि वन्यजीव व्यवस्थापन शिकून आलेल्या अधिकाऱ्याची बदली वर्ष उलटायच्या आत सामाजिक वनीकरणात किंवा लाकूड डेपोवर होते, हे खात्यातल्या कुणालाही विचारा. शिक्षण त्याच्या बायोडेटात राहतं, जंगलात राहत नाही. वनरक्षक मात्र वर्षानुवर्षं बीटवर, म्हणजे त्याच्या गस्तीच्या हद्दीत, असतो. त्याच्याही खाली हंगामी वनमजूर. त्याला ना बदली, ना बढती, ना दौरा.

मेळघाटात एका कोरकू वनमजुराला कॅमेरा ट्रॅप लावताना मी पाहिलंय. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे, गुडघ्याच्या उंचीवर, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात आणि दोन्ही बाजू मिळाल्या तरच ओळख पक्की होते. त्याने भिंगासमोरचं गवत कोयत्याने साफ केलं, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या काडीचे हजार फोटो निघतात. मग चक्क हातापायांवर रांगत तो कॅमेऱ्यांमधून पलीकडे गेला, दिवा लुकलुकला का पाहिलं आणि कॅमेरा बोटभर खाली घेतला. बरोबरच्या तरुण संशोधकाने वहीत जीपीएसचा आकडा लिहिला. पुढे जो अहवाल निघेल त्यात संशोधकाचं नाव असेल, संस्थेचं असेल, निधी देणाऱ्याचं बोधचिन्ह असेल. कॅमेरा बोटभर खाली का घ्यायचा हे ज्याला कळतं त्याचं नसेल. आंतरराष्ट्रीय सहकार्याचं माप इथे लावायला हवं असं मी म्हणतो ते याच कारणाने. तो संशोधक दोन वर्षांनी पीएचडीला परदेशी जाईल, चांगलंच आहे. वनमजूर तिथेच असेल.

अशा माणसांपर्यंत पोहोचलेलं सहकार्य कसं दिसतं याचं उदाहरण आपल्याच अहमदनगर जिल्ह्यात आहे. (आता अहिल्यानगर.) २००१नंतर शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात बिबट्यांचे हल्ले वाढले तेव्हा खात्याचा उपाय एकच होता, पिंजरा लावा, पकडा, दूरच्या जंगलात सोडा. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी नोंदी तपासल्या तर उलटंच दिसलं. सोडलेल्या बिबट्यांमुळे हल्ले नव्या ठिकाणी सुरू होत होते, एकूण आकडा वाढत होता. पुढे नगरच्या अकोले तालुक्यात त्यांनी वनखातं, गावकरी आणि मॉर्टेन ओड्डेन, जॉन लिनेल या नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांबरोबर काम केलं. उसाच्या शेतांत, वस्तीला लागून, शंभर चौरस किलोमीटरमध्ये साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले. जीपीएस कॉलर लावायचं कसब नॉर्वेच्या अनुभवातून आलं. पण बिबट्या रात्री कोणत्या बांधावरून जातो, कुत्रं कुठे उचलतो, हे सांगत होते शेतकरी आणि वनरक्षक. तिथून निघालेलं शहाणपण मुंबईत संजय गांधी उद्यानाभोवती पोलिसांच्या, पत्रकारांच्या कार्यशाळांपर्यंत गेलं. जुन्नर-शिरूर पट्ट्यात माणसं मेली की ‘सगळे बिबटे उचला’ ही मागणी आजही उठते, आणि ज्याच्या घरातलं मूल गेलं त्याला संशोधन ऐकवायला मी जाणार नाही. पण पकडून कुठेतरी सोडण्याने काय होतं, हे आपल्याला अत्रेय यांच्या या कामामुळे ठाऊक आहे.

गिधाडांची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना भरतपूरला गिधाडं कमी होताना दिसली, कारण सापडलं पाकिस्तानात एका अमेरिकी पथकाला २००४ साली (गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक; अशा गुरांचं मढं खाऊन गिधाडं मरत होती), त्याला पर्यायी औषध मेलॉक्सिकॅम सुरक्षित आहे का हे तपासण्यात दक्षिण आफ्रिकेची गिधाडं कामी आली, बंदी घातली भारताने २००६मध्ये. पांढऱ्या पाठीची गिधाडं तोवर हजारातलं एक उरली होती. हरयाणातल्या पिंजोरच्या केंद्रात ब्रिटिश मदतीने सुरू झालेल्या प्रजननातली गिधाडं २०२४मध्ये आपल्या पेंच-ताडोब्यात आली. एकट्या कोणत्याही देशाला हे कोडं सुटलं नसतं. भारत-पाकिस्तान सीमेवर तोफा डागत असताना गिधाडांच्या मूत्रपिंडातून निघालेलं शहाणपण मात्र सीमा ओलांडून आलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता माझा खरा राग. बाहेरून काय आणायचं याची आपली निवडच फसवी असते. नामिबियातून आठ चित्ते आणले, १७ सप्टेंबर २०२२ला, वाजतगाजत. दुसऱ्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून बारा. नामिबियाची जगाला खरी देणगी चित्ता नाही. १९९६च्या त्यांच्या कायद्याने गावांना सामुदायिक कॉन्झर्व्हन्सी (गावानेच सांभाळायचं वन्यजीव क्षेत्र) स्थापून वन्यजीवांच्या उत्पन्नावर हक्क सांगता येऊ लागला. त्याआधी ऐंशीच्या दशकात गावातूनच निवडलेले आणि गावालाच जबाबदार असलेले राखणदार नेमले गेले होते. आज अशा ऐंशीहून अधिक कॉन्झर्व्हन्सी आहेत. त्यांचा काही पैसा ट्रॉफी शिकारीतून, म्हणजे हौशी शिकाऱ्यांनी पैसे मोजून केलेल्या शिकारीतून येतो. तो मार्ग आपल्याला नको, आणि तिथेही सगळं गोडगोड नाही, हे मी मान्य करतो. पण आपल्याकडे वनहक्क कायदा २००६चा, गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक हक्क मिळाला २००९मध्ये, आणि त्यानंतरही गावाला आपला बांबू विकायला वाहतूक परवान्यासाठी झगडावं लागलं. नामिबियाला गेलेल्या आपल्या एखाद्या पथकाने चित्त्याबरोबर हा कायदाही वाचून यावा, असं कुणाला का वाटलं नाही? ज्या कुनोत चित्ते उतरले तिथून सहरियांची चोवीस गावं उठवली होती ती गीरच्या सिंहांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सिंह हलवायला सांगितलं. सिंह आले नाहीत. आठ हजार किलोमीटरवरून चित्ता येतो, शेजारच्या राज्यातून सिंह येत नाही. सहकार्य शिकायचं तर नामिबियापर्यंत जायची तरी काय गरज?

दूरच्या मदतीची वेळ ओळखणारी उदाहरणं आपल्या देशात आहेत. नागालँडच्या दोयांग जलाशयावर २०१२मध्ये अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात पकडून मारले जात होते. पांगतीसारख्या गावांच्या परिषदांनी २०१३मध्ये शिकार थांबवली. ती आधी थांबली. त्यानंतर हंगेरीचे पक्षीतज्ज्ञ आले, मूठभर वजनाच्या पक्ष्याच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बांधायची नाजूक कला घेऊन. तीन पक्ष्यांना नावं दिली नागा, वोखा, पांगती. ते आपल्या महाराष्ट्रावरून उडत अरबी समुद्र पार करून आफ्रिकेला गेले तेव्हा गाव त्यांच्या बातम्या विचारत होतं. हंगेरियन आधी आले असते आणि गावाचा निर्णय नंतर व्हायचा असता, तर त्या ट्रान्समीटरांचं काय झालं असतं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कोणी म्हणेल, हे ठीक आहे, पण गरीब देशांना आधी पैसा लागतो, कसब नंतर. गस्तीच्या जीपला डिझेल नसेल तर शिकलेला वनरक्षक काय चालत जाणार? आक्षेप खरा आहे, आणि आफ्रिकेत तर फारच. पण २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशाने गोठवली आणि त्याच वर्षी यूएसएआयडी या आपल्या मदतसंस्थेचा गाशा गुंडाळला, तेव्हा पैशावर उभे असलेले प्रकल्प रातोरात ओस पडले. किलीमांजारोच्या उतारावरचं म्वेका हे वन्यजीव व्यवस्थापनाचं कॉलेज १९६३ साली परदेशी देणग्यांवर आणि ब्रिटिश प्रमुखाच्या हाताखाली सुरू झालं होतं. अरुशाच्या जाहीरनाम्यातली ‘शिकलेली माणसं’ घडवायला. ते आज टांझानियाची माणसं चालवतात आणि निम्म्या आफ्रिकेचे वॉर्डन तिथून निघाले. मसुदा कोणाचाही असो, त्यातलं हे एक कलम आफ्रिकनांनी आपलंसं केलं. डिझेल दर महिन्याला भरावं लागतं. म्वेका एकदा उभारावं लागलं.

हे सगळं आता मांडायचं कारण म्हणजे जागा बदलल्यात. भारत आता फक्त घेणारा देश नाही. मोठ्या मांजरांसाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी भारताने २०२३मध्ये पुढाकार घेऊन जाहीर केली आणि केंद्राने तिच्यासाठी पाच वर्षांचे दीडशे कोटी मंजूर केले. कंबोडियात २००७नंतर वाघाचा फोटो मिळालेला नाही. तिथे पुन्हा वाघ नेण्यासाठी आपला त्यांच्याशी २०२२ साली करार झाला आहे. म्हणजे उद्या नॉम पेन्हच्या विमानतळावर उतरणारा, सगळं माहीत असलेला, परदेशी तज्ज्ञ आपण असू. तिथल्या चॅनेलवर एखादी फळी म्हणेल, हे भारतीय आम्हाला काय शिकवणार. दीडशे कोटींतले परिषदांवर किती जातील आणि कंबोडियन वनरक्षकांना आपल्या बीटवर सहा-सहा महिने ठेवण्यावर किती, हा तपशील आत्ताच मागायला हवा. आणि वाघांबरोबर जाणाऱ्या पथकात मेळघाटातल्या त्या वनमजुराचा पासपोर्ट निघतोय का, तेही विचारायला हवं.